वधू-वरांचा एकच मॅक्रो

माझ्या नणंदेनं, मयुरीनं, चहाचा अख्खा कप संपवलेला मी कितीतरी वर्षं पाहिला नाही. अर्धा झाला की ती उठायची. कशाला उठली, ते तिलाही ठाऊक नसायचं. मागच्या खोलीत जाऊन खिडकी उघडायची, परत येताना ओट्यावरचे धुतलेले पेले पुन्हा विसळायची, मग गच्चीवर जायची आणि वाळत घातलेल्या मिरच्यांना उगाच हात लावून खाली यायची. सासूबाई म्हणायच्या, "पोरीच्या पायाले भिंगरी हाय." भिंगरी पायाला असती तर मी तेल लावून काढली असती. ती डोक्यात होती.

देवळीत बस स्टँडच्या अलीकडे आमचं किराणा दुकान. सासरे ताराचंद, त्यांना मी मामाजी म्हणते, ते गल्ल्यावर. माझे यजमान योगेंद्र मालाच्या मागे वर्धा, पुलगाव, नागपूर करत फिरणार. सासूबाई प्रमिलाबाई घरात, आणि मी घर नि दुकान दोन्हीकडे, म्हणजे जिथे आरडाओरडा होईल तिथे. या घरात मयुरी दोन हजार दोन साली परत आली. कारंजा घाडग्याला हायवेवर ट्रकच्या सामानाचं दुकान असलेल्या घरात तिला दिली होती. नवऱ्याचं मन दुसरीकडे गुंतलेलं होतं. हे त्यानं लग्नाआधी आपल्या आईबापाला सांगितलं होतं, फक्त मयुरीला कोणी सांगितलं नव्हतं. फारकती झाली. दोष कुणाचा, हे सगळ्या समाजाला माहीत होतं, आणि तरी जिथे बसायची पाळी आली तिथे मयुरीच बसली. ती जागा म्हणजे पिवळी पानं.

हे समजावून सांगायला हवं. आमच्या समाजाचा दर डिसेंबरात वर्ध्याच्या मंगल कार्यालयात वधू-वर परिचय मेळावा असतो. त्याची पुस्तिका निघते. आधी वधू, मग वर, सगळे नावाच्या क्रमानं. जन्मतारीख, उंची, शिक्षण, मामेकुळ, अपेक्षा. आणि सगळ्यात शेवटी, स्वस्तातल्या पिवळ्या कागदावर, पुनर्विवाहवाले. लोक मेळाव्यात पेन घेऊन बसतात, पांढऱ्या पानांवर खुणा करतात. पिवळ्यापर्यंत कोणी पोचत नाही. पोचलेच तर दोन-दोन पोरांचे बाप.

पहिल्याच वर्षी मामाजींनी फॉर्म भरला आणि सासूबाई, मयुरी आणि मी अशा तिघी मेळाव्याला गेलो. दुपारी चिवड्याच्या वेळी कागदी ताटल्या कमी पडल्या. आमच्या पुढच्या रांगेतल्या एका बाईनं पुस्तिकेची शेवटची पानं टरकन फाडली, तिच्या पोरांना एकेका पानावर चिवडा वाढला. कामाची पानं तिनं जपून ठेवली होती, ही तिच्या लेखी बिनकामाची. तेल सुटलेल्या पिवळ्या कागदातून मयुरीचं नाव मला दिसत होतं. मला ते पान त्या पोराच्या हातातून हिसकावून घ्यावंसं वाटलं.  मयुरी उठली आणि मंडपाच्या बाहेर चालायला लागली. बस निघेपर्यंत ती चालतच होती.

घरी आल्यावर तिनं मला एकच गोष्ट सांगितली. "वहिनी, मले घटस्फोटित लिहा. मोठ्या अक्षरात लिहा. पण माह्या जागी लिहा. म च्या लायनीत."

एवढंच तिला हवं होतं. नवरा हवा का, हे तेव्हा तिला विचारलं असतं तर तिनं खांदे उडवले असते. ओळीतली आपली जागा मात्र हवी होती.

मामाजी मेळाव्याच्या समितीवर होते. मी त्यांच्यापाशी विषय काढला. ते वजनकाटा पुसत म्हणाले, "नियम हाय सूनबाई. माह्या पोरीसाठी नियम मोडला तर लोक काय म्हणतीन?" समितीवर असलेल्या माणसाला स्वतःच्या पोरीचीच भीती सगळ्यात जास्त असते.

घरात तिचा जीव रमेना. वर्ध्याला जाऊन संगणकाचा कोर्स केला, तोही अस्वस्थपणानंच केला. बस सुटायच्या कितीतरी आधी स्टँडवर जाऊन उभी. मग चौकातल्या ज्ञानेश्वरच्या दुकानात कामाला लागली. ज्ञानेश्वर म्हणजे देवळीचा सगळा कागदी कारभार: अर्ज टाइप, झेरॉक्स, लग्नपत्रिका, बारशाचे फ्लेक्स. माणूस गोड, कामाला वाघ, पण व्यवस्थेच्या नावानं आनंद. त्याच्या टेबलावर चहाचा पेला ठेवायचा तर आधी तिघांची लग्नं उचलून बाजूला करावी लागायची.

समाजाची पुस्तिका त्याच्याचकडे व्हायची. दोन-चार वर्षांपूर्वी तो कुठूनसं मॅक्रो शिकून आला होता. मला मयुरीनं ते असं सांगितलं: संगणकाला म्हणायचं, मी करतो ते पाहून ठेव. मग आपण एकदा काम करायचं. नंतर बटण दाबलं की तो तेच काम तसंच्या तसं करून दाखवतो. माहिती एक्सेलच्या तक्त्यात भरायची, बटण दाबायचं, की नावं क्रमानं लागून पानं तयार.

ऐकायला छान आहे. पण संगणक सगळंच पाहून ठेवतो. आणि समिती दर वर्षी एक रकाना वाढवायची. एका वर्षी मामेकुळ, एका वर्षी मोबाईल, मग रक्तगट. रकाना वाढला की ज्ञानेश्वर जुन्या मॅक्रोला हात लावायचा नाही, त्याच्या खाली नवीन जोडायचा. त्याचं म्हणणं, "चालते ना? मंग कायले छेडायचं?" त्या ढिगात एक होता वधू-नवीन, एक वधू-नवीन-फायनल, एक वधू-फायनल-खरं. रक्तगट आला त्या साली एका जागी दुरुस्ती राहून गेली आणि पुस्तिका छापून आली तेव्हा निम्म्या वधूंची उंची बी.ए. होती आणि शिक्षण पाच फूट दोन इंच.

समितीचे सचिव मधुकरराव दुकानात येऊन तापले. त्यांच्या भाचीच्या अपेक्षेच्या रकान्यात 'ओ पॉझिटिव्ह' आलं होतं. "अशी अपेक्षा कोण्या पोरीची असते का बाप्पा?" ते म्हणाले. ज्ञानेश्वर खाली मान घालून उभा. मयुरी कोपऱ्यात झेरॉक्स काढत होती. ती म्हणाली, "काका, पुढल्या साली मी पाहतो त्याले." आमच्याकडे पोरीही 'पाहतो', 'करतो' म्हणतात, पुण्यामुंबईच्या पाहुण्यांना त्याचं फार नवल.

दिवाळीनंतर मयुरीनं तो ढीग उघडला आणि आमच्या घरात अन्न गोड लागेना.

"वहिनी, ज्ञानेश्वरभाऊनं त्याले शिकवता शिकवता काय काय केलं, सगळं आत हाय. खाली गेला, वर आला, पुन्हा खाली. एक अक्षर ठळक केलं, आवडलं नाई, पुन्हा बारीक केलं. चार वर्षांपासून संगणक ते ठळक करून राह्यला न् बारीक करून राह्यला." पोळी हातात घेऊन ती स्वयंपाकघरात फेऱ्या मारायची. "अन् एकच गोष्ट प्रत्येक पोरीसाठी अलग अलग सांगितली. या ओळीले हे कर. त्याच्या खालच्या ओळीले हे कर. अरे, 'नावं सरेपर्यंत हेच कर' म्हटलं की झालं ना."

मी म्हटलं, "आधी पोळी खा. ती पण सरेपर्यंत."

एकदा जेवणाचा डबा द्यायला मी दुकानात गेले, तेव्हा तिनं मला शेजारी बसवलं. ज्ञानेश्वरचं बाजूला ठेवून तिनं स्वतः नव्यानं रेकॉर्ड केलं होतं. "पाहा," म्हणाली आणि बटण दाबलं. पडद्यावर, आपण कुठे आहोत ते दाखवणारा चौकोन पळायला लागला. एका नावावर गेला, तिथून उठला, खाली गेला, रिकाम्या जागेत उभा राहिला, परत वर आला, त्याच नावावर आला, पुन्हा उठला. काम काही नव्हतं. नुसतं येणं आणि जाणं. मी हसायला तोंड उघडलं आणि हसू आलंच नाही. खिडकी उघडायची, पेले विसळायचे, गच्चीवर जायचं, खाली यायचं. आमच्या घरातल्या चार वर्षांच्या तिच्या फेऱ्या होत्या त्या.

तिलाही कळलं असावं. तिनं ते मधेच थांबवलं आणि ती म्हणाली, "असं नाई चालत. हे रेकॉर्ड करूनच नाई करायचं. हातानं लिहायचं. जेवढं काम हाय, तेवढंच."

मग रोज ती ढिगातलं थोडं थोडं काढत गेली. इकडची तिकडची धावपळ पुसली. जे पुन्हा पुन्हा सांगितलं होतं ते एकदा सांगितलं. प्रत्येक कामाला वेगळं घर आणि त्या घरावर त्याच्या कामाची पाटी: एकाचं नाव 'क्रम लाव', एकाचं 'पानं कर', एकाचं 'तपास'. रकान्यांची यादी सगळ्यात वर एकाच जागी, म्हणजे समितीनं उद्या रकाना वाढवला तर दुरुस्ती तिथेच, दुसरीकडे कुठे नाही. मी किराणेवाली, मला हे लगेच समजलं. तुरीची डाळ चार डब्यांत ठेवली की एका डब्यात सोंडे होतात आणि कळतं ते गिऱ्हाइकाला.

पण शांत म्हणाल तर ती तेव्हाही नव्हती. लोडशेडिंगचे दिवस. लाइन दुपारी जायची ती कधी येईल त्याचा भरवसा नाही. दुकानातून घरी यायची, दाराशी उभी राहून पंख्याकडे बघत राहायची. पंखा हलला की चप्पल पायात. सासूबाई ओरडायच्या, "खाऊन तं जाजो." तोवर ती चौकात. मधेच मला विचारायची, "वहिनी, तपासाच्या आधी क्रम लावावा का नंतर?" आणि उत्तराची वाट न पाहता निघून जायची. सोन्यासारखी पोर अशी स्वतःला घासून घेतेय याचं मला फार वाईट वाटायचं, आणि त्या वाईट वाटण्याचा मी कुणावर तरी राग काढायची. बहुतेक वेळा योगेंद्रवर, कारण तेच हाताशी नसायचे आणि उलट बोलायचे नाहीत.

वधूंचा मॅक्रो इतका लहान झाला की एका पडद्यावर मावला. मग तिनं वरांचा उघडला. तोही तसाच साफ केला. आणि मग दोन्ही शेजारी शेजारी ठेवले, आणि त्या दिवशी ती दुपारीच घरी आली. मी दुकानात साखर मोजत होते. ती गल्ल्यापाशी उभी राहिली, मामाजी नाहीत हे पाहिलं आणि हळू बोलली.

"दोन्ही सारखे हायेत वहिनी. शब्दाले शब्द. फक्त एक तुकडा वधूंच्यात हाय, तो वरांच्यात नाई."

"कोणता?"

"पहिलं लग्न नसंन तर उचलून पिवळ्यात टाक."

माझ्या हातातलं माप तसंच राहिलं. मी पुस्तिका आणून पाहिली. खरंच. पिवळ्या पानांवर सगळ्या बायका. विधुर आणि सोडचिठ्ठीवाले बाप्ये पांढऱ्या पानांवर, कुंवाऱ्या पोरांच्या मधे, नावाच्या क्रमानं, ऐटीत बसलेले. इतकी वर्षं आम्ही पुस्तिका चाळत होतो, पण वधूवाले वर पाहतात आणि वरवाले वधू पाहतात. दोन्ही बाजू शेजारी ठेवून कोण पाहणार? आणि पहिल्या पानावर नियम छापलेला: पुनर्विवाह इच्छुकांची माहिती शेवटी पिवळ्या पानांवर दिली आहे. त्यात बाईचं नाव नव्हतं की बाप्याचं.

ज्ञानेश्वरला विचारलं तर तो सरळ म्हणाला, "मधुकरराव बाजूले बसून सांगत होते तवा. वरांचं करायले घेतलं तं म्हणाले, पोरांचं राहू दे तसंच. म्या राहू दिलं." आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले, पण ती मॅक्रोतही लिहिता येते हे मला नव्हतं माहीत.

मयुरीनं दोन्हींचा एक मॅक्रो केला. तिचं म्हणणं साधं होतं. एकच काम दोन जागी लिहिलं की आज ना उद्या दोहोंत फरक पडतो. म्हणून एका जागी लिहायचं, आणि वधूंचा तक्ता द्या की वरांचा, त्यानं तेच करायचं. पण एक म्हटलं की नियम एकच लागणार. एक तर सगळे पांढऱ्यात, नाही तर सगळे पिवळ्यात.

हे तिनं लपवून केलं असं नंतर पुष्कळांनी म्हटलं, म्हणून सांगते: मधुकरराव आले तेव्हा मी ज्ञानेश्वरच्या दुकानात होते. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "काका, वधू-वरांचा एकच मॅक्रो केला. आता नियम दोघांले एकच लागते. पुनर्विवाहवाले सगळे क्रमातच ठेवू, की सगळे पिवळ्यात?"

मधुकररावांचा मोबाईल वाजत होता. ते म्हणाले, "तुमचं ते मॅक्रो-फॅक्रो मले नोको सांगू पोरी. नियमानं ठेव. उंचीत बी.ए. नाई आलं पाह्यजे, बस."

"नियमानं ना?"

"हाव म्हटलं ना."

मग तिनं नियमानं ठेवलं. मनातून तिला काय हवं होतं ते मला ठाऊक होतं. तिला सगळे पांढऱ्यात हवे होते. तिनं ते केलं नाही.

छापण्याआधी समितीकडे प्रूफ जातं. प्रूफ तपासायची आमच्या समितीची रीत अशी: प्रत्येकानं आपापल्या नातेवाइकाचं नाव शोधायचं, त्याची उंची, शिक्षण बघायचं, आणि सही करायची. मधुकररावांनी भाचीचा रक्तगट पाहिला, खूश झाले. एकानं पुतण्या पाहिला, एकानं मेहुणी. मामाजींनी मागचं पिवळं पान उघडलं, मयुरीची जन्मतारीख तपासली आणि घाईनं मिटलं. सगळ्यांच्या सह्या झाल्या. पिवळी पानं त्या वर्षी दुप्पट झाली आहेत हे कुणाच्या डोळ्यांत भरलं नाही.

मेळाव्याच्या दिवशी पुलगावच्या रुख्माबाई सकाळच्या गाडीनं आल्या. त्यांचा मुलगा भैय्याजी, बायको वारून दोन वर्षं झालेली, चांगला नोकरीवाला. समितीवर त्यांचं कोणी नव्हतं. दारात पुस्तिका घेतली, पदरानं चष्मा पुसला आणि पोराचं नाव शोधायला लागल्या. पांढऱ्यात सापडेना. शेजारच्या पोरीनं शेवटून शोधून दिलं.

रुख्माबाई सरळ मंचावर चढल्या. "माह्या पोराले पिवळ्यात काऊन टाकलं? त्याच्यात काय खोट हाय?"

माईक चालू होता. मग एकेक जण पान उलटवायला लागला आणि मंडपात गलका झाला. कुणाचा भाऊ, कुणाचा काका, कुणाचं तर स्वतःचंच नाव. जे पिवळ्या पानांवर आजवर चिवडा खात आले होते, ते आता ती पानं हातात फडकावत होते. मधुकरराव म्हणायला लागले, कंप्युटरची चूक झाली.

मला राहवलं नाही. मी खालूनच म्हटलं, "काकू, आमची पोरगी किती वर्षांपासून तिथंच हाय. तिच्यात काय खोट हाय?"

रुख्माबाईंनी माझ्याकडे पाहिलं.  मग म्हणाल्या, "पोरीची गोष्ट अलग असते बाई."

"काऊन अलग?"

 माझ्या मागच्या रांगेतून एक म्हातारी म्हणाली, "सांग ना वो, काऊन?" ती कोण होती, मला आजही माहीत नाही. तिच्या मांडीवरची पुस्तिका पिवळ्या पानांवर उघडी होती आणि शेजारी तिची नात मान खाली घालून बसली होती.

मयुरी मंडपात नव्हती. बाहेर सायकली लावल्या होत्या तिथे येरझाऱ्या घालत होती.

शेवटी मामाजींना माईकवर यावं लागलं. ज्या दुकानात पुस्तिका झाली तिथे त्यांची मुलगी कामाला, त्यामुळे माफी त्यांनी मागावी असं ठरलं. त्यांनी मागितली. ताराचंद म्हणजे शब्दाचा पक्का, अशी त्यांची ख्याती. गोणी सोडून कुणापुढे वाकलेला माणूस नव्हे. त्या दिवशी वाकताना मी पाहिला आणि मला त्यांची कीव आली, आणि रागही आला, दोन्ही एकदमच.

पुढच्या महिन्यात समितीची बैठक आमच्याच ओसरीत झाली. मी चहा देताना ऐकलं. ठराव झाला: पुढील वर्षापासून पिवळी पानं बंद. सगळे क्रमानं. कुणी विरोध केला नाही. इतकी वर्षं बायका त्या पानांवर होत्या तेव्हा तो नियम होता. बाप्ये एकदा बसले, एकच दिवस, आणि नियम गेला. मी ट्रे आत नेऊन आपटला. एक पेला फुटला. मयुरी दाराआड उभी होती. ती हसली आणि काचा वेचायला लागली.

बैठक उठल्यावर मामाजी तिच्याकडे न बघता म्हणाले, "झालं तुह्या मनासारखं. आता पुढल्या साली तुहा फारम मी भरत नाई. बाकीच्यांच्या पोरी बसव तू लायनीत."

फॉर्मवर पालकांची सही लागते. ती नसली की नाव घेत नाहीत, हाही नियमच.

ते वर्ष कसं गेलं विचारू नका. बापलेक एका घरात, एका ताटावर, आणि बोलणं माझ्यामार्फत. "सूनबाई, तिले म्हणा भात घे." "वहिनी, बाबांले म्हणा गोळ्या घ्या." मी त्यांचं टपालखातं झाले होते. मयुरी अर्धा चहा टाकून उठायची. सासूबाई तो अर्धा चहा उचलून मोरीत ओतायच्या आणि डोळे पुसायच्या. कधी मला वाटायचं, ओरडावं दोघांवर. एकदा ओरडलेही. दोघं मिळून माझ्याकडे असे पाहायला लागले की मीच मुकाट झाले.

दिवाळी झाली. फॉर्म आले. मयुरी ते भरत होती, दुसऱ्यांच्या पोरींचे. समितीनं या वेळी व्यवसायाचे दोन रकाने केले. तिनं वरच्या यादीत एक ओळ वाढवली आणि सगळं जागच्या जागी बसलं. ज्ञानेश्वरला ते खरंच वाटेना. तो दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "एकच ओळ. बाप्पा, एकच ओळ." तिच्याकडे तक्ता होता, बटण होतं. स्वतःचं नाव टाकायला तिला पळभर वेळ लागला असता आणि प्रूफ पाहणाऱ्यांना कळलंही नसतं. मी तसं सुचवलं. ती म्हणाली, "सही नाई वहिनी. सहीविना टाकलं तं मी बी मधुकररावकाकावानीच केलं, बाजूले बसून."

प्रूफ मामाजींकडे गल्ल्यावर आलं ते दुपारी. मी दुकानात होते. मामाजींनी चष्मा लावला, बोटाला थुंकी लावली आणि सवयीनं मागून पान उघडलं. तिथे आता पिवळं काही नव्हतं, कुणा चहापावडरवाल्याची जाहिरात होती. मग ते म पर्यंत आले. त्यांचं बोट खाली उतरत गेलं. मनीषा. मनीषाच्या खाली मीनल. बोट वर गेलं, परत खाली आलं. दर वर्षी सगळ्यांनी आपापलं माणूस शोधायचं, जन्मतारीख तपासायची, सही करायची. त्यांना तपासायला कोणीच नव्हतं. ते किती वेळ मनीषा आणि मीनल यांच्या मधल्या कोऱ्या पट्टीवर बोट ठेवून बसले. एक गिऱ्हाईक गूळ मागून मागून थकलं, शेवटी मी दिला.

"सूनबाई," ते म्हणाले, "कोरा फारम कोठं भेटते?"

"ज्ञानेश्वरकडे."

"चाल मंग. गल्ल्यावर आईले बसव."

आम्ही गेलो तेव्हा मयुरी टेबलापाशी उभी होती, बसलेली नव्हती. बापाला पाहून तिचा हात माऊसवरून निघाला. मामाजी स्टुलावर बसले. ज्ञानेश्वरनं काही न विचारता फॉर्म पुढे केला. मामाजींनी तो स्वतः लिहिला, दुकानातल्या याद्या लिहितात तसा, सावकाश. वैवाहिक स्थितीच्या रकान्यापाशी पेन थांबलं.

"हे लिहाच लागते काय?"

"लिहा बाबा," मयुरी म्हणाली. वर्षभरात ती त्यांच्याशी थेट पहिल्यांदा बोलत होती. "लपवाचं कायले? खरं हाय ते."

त्यांनी लिहिलं. खाली सही केली. फॉर्म तिच्याकडे सरकवत ते म्हणाले, "आता दाखव मले. कोठं जाते तुहं नाव."

मयुरीनं तक्त्याच्या तळाशी, सगळ्यात शेवटी, आपली माहिती भरली. मग बटण दाबलं. ती ओळ तळातून नाहीशी झाली. मामाजी पुढे वाकले. मयुरीनं पडदा वर सरकवला. मनीषा. मयुरी. मीनल. त्यांनी काचेवर बोट ठेवलं, मघाचंच बोट.

"पुन्हा दाखव."

तिनं नाव काढून पुन्हा तळाशी लिहिलं आणि पुन्हा बटण दाबलं.

"अजून एकडाव."

ज्ञानेश्वरनं चहा मागवला होता. ती तिसऱ्यांदा नाव लिहीत होती, मामाजी तिच्या बोटांकडे लहान पोरासारखे बघत होते आणि मी पदराचं टोक तोंडात धरून उभी होते, कारण मला रडायचं नव्हतं आणि मी रडत होते. मनीषा, मयुरी, मीनल. आणि लाइन गेली.

पडदा काळा झाला. पंखा गरगर करत थांबला. मामाजी दचकून उठले. "गेलं काय? मयुरी, गेलं काय नाव?"

"नाई बाबा," ती म्हणाली. "दोनदा सेव्ह केलं. जागेवरच हाय."

"पक्कं?"

"पक्कं."

ते पुन्हा बसले. लाइन यायला संध्याकाळ होणार, हे ज्ञानेश्वरनं सांगितलं, मीही सांगितलं, दुकानात सासूबाई एकट्या आहेत याचीही आठवण करून दिली. मामाजी म्हणाले, लाइन आली की एकदा पाहतो आणि मग निघतो. मयुरी शेजारच्या स्टुलावर बसली. तिनं चहाचा पेला उचलला आणि दोघं त्या काळ्या पडद्यासमोर, लाइन येईपर्यंत, जागचे हलले नाहीत.